सहा कार्डं आणि वैशालीचे कान

३ एप्रिल, शुक्रवार

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या. मी आतल्या खोलीत बसून मोजल्या. माझी सून वैशाली कुकरपासून दोन हातांवर उभी राहून भेंडी चिरत होती. डाळीची पार पेज झाली.

मी अठ्ठ्याहत्तरची, माझे कान शाबूत. ही एकोणपन्नासची, हिचे चालले. देवाने वाटप करताना कुणाचं कुणाला दिलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सराव सांगितलाय. घरातल्या कुणीतरी रोज पाठ करून बोलायचं, म्हणजे हिला ओठ दिसणार नाहीत, आणि ऐकू येईल तेवढं हिने लिहायचं. घरात रिकामी मीच. मला अक्षर येत नाही, हिला आवाज येत नाही. जोडी झकास. म्हटलं, उगाच पाढे कशाला म्हणू? माझी रोजनिशीच लिही. आयुष्यात पहिल्यांदा. तर खिडकीकडे तोंड करून ओरडतेय. खाजगी वही, आणि समोरच्या विंगेतले लोक गॅलरीत येऊन ऐकतायत.

दोन्ही कानांना मशीन लागणार म्हणे. नव्वद हजार. दुकानवाला वर्षभराचे बिनव्याजी हप्ते देतो, पण क्रेडिट कार्ड असेल तरच. आमच्याकडे रेशनचं कार्ड आहे, आधारचं आहे, नवऱ्याचं गिरणीचं आहे, तो जाऊनही पंधरा वर्षं झाली. हे तेवढं नाही.

घाई शाळेमुळे. वैशाली के.जी.च्या वर्गावर शिकवते. मार्चमध्ये मागच्या बाकावरून एक पोर पडलं, रडत होतं, हिला कळलंच नाही. ही फळ्यावर बदक काढत होती. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, पंधरा जूनला शाळा उघडेल तेव्हा कानात मशीन पाहिजे. नाहीतर... पुढचं त्या बोलल्या नाहीत. हिने ओठांवरून वाचलं म्हणते.

५ एप्रिल, रविवार

नात रुचीकडून परवाचं वाचून घेतलं. कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. बरंच बरोबर लिहिलंय. माझ्या मुलाचं, दिलीपचं, ही नुसतं ‘दि.’ लिहिते. म्हटलं, नवऱ्याचं नाव पूर्ण घ्यायला लाजतेस की कंटाळतेस?

(कंटाळते. – वै.)

आज वैशालीने शाळेच्या जुन्या वहीत उभ्या रेघा मारून कार्डांचा तक्ता केला. सहा कार्डं. वर्षाची फी किती, व्याज किती, पगार किती पाहिजे, फुकट काय मिळतं. रुचीने फोनवर एकेकाचे फोटो दाखवले. मला नावं वाचता येत नाहीत, रंग कळतात. काळं, सोनेरी, जांभळं, लाल, निळं, हिरवं.

हे मला नवीन नाही. पन्नास वर्षं मी लोकांची लग्नं जमवली. चाळ होती तेव्हा, ती पाडून ही बिल्डिंग झाली तेव्हाही. पत्रिका मला वाचता यायच्या नाहीत, म्हणून पसंत असेल त्यावर कुंकवाचं बोट लावायचे, नापसंतावर काजळाचं. आजही डब्या घेऊन बसले. रुची हसून लोळली. पण काळ्या कार्डाला पगार विचारला तर महिन्याला लाख पाहिजे. लावलं काजळ. एवढा पगार असता तर तुला कशाला बघायला आलो असतो, मेल्या?

९ एप्रिल, गुरुवार

कार्डवाल्या मुलीचा फोन आला. वैशालीला फोनवर अजिबात कळत नाही, म्हणून मी घेतला.

‘मॅडम, लाइफटाइम फ्री है।’

‘किसका लाइफटाइम? मेरा तो होने को आया।’

‘मॅडम, आपकी मंथली इन्कम?’

‘दो टाइम खाना, दो टाइम चाय, और बीच में बहू का गुस्सा।’

‘घर में और कोई कमाता है?’

म्हटलं, मुलगा आहे. मरोळच्या कंपनीत बावीस वर्षं होता. कंपनी बंद पडली, आता पवईला एका केटररच्या गोदामात सामान मोजतो. पगार हातात मिळतो. तर विचारते, स्लिप है? म्हटलं, बेटा, हात है. तिने होल्डवर टाकलं. गाणं वाजत राहिलं. गाणं संपलं, ती परत आली नाही.

वैशाली म्हणते, ‘आई, तुम्ही घालवलीत तिला.’ मी कुठे घालवली? दि.चा पगार ऐकून गेली.

तक्त्यावर अर्जासाठी त्याचं नाव लिहिलं होतं, ते खोडलं. आता अर्ज वैशालीच्याच नावावर. तिचा पगार सोळा हजार, पण बँकेत जमा होतो.

१२ एप्रिल, रविवार

मुलुंडला गेलो होतो, माझ्या पुतण्याकडे, सुरेशकडे. त्याच्याकडे पाच कार्डं आहेत. पाकीट उघडून लग्नाचा अल्बम दाखवावा तसा एकेक दाखवत होता. ‘काकी, ह्याच्यावर विमानतळावर फुकट जेवण. ह्याच्यावर पेट्रोलला सूट. ह्याच्यावर पॉइंट जमले, मिक्सर घेतला.’ मिक्सरही दाखवला.

आम्ही काय ऐकायला गेलो होतो ते त्याला पक्कं कळलं होतं. माझं कार्ड वापरा, महिन्याच्या महिन्याला मला देत जा, एवढंच. दि.ने दोनदा मशीनचा विषय काढला. सुरेश म्हणाला, ‘हो रे, मशीन महत्त्वाचं.’ आणि पाकीट खिशात गेलं. बायकोने कोकम सरबत दिलं, दुसऱ्यांदा आग्रह केला.

जिना उतरताना वैशालीने विचारलं, ‘आई, शेवटी काय म्हणाले ते?’

म्हटलं, ‘सरबत कसं झालंय विचारत होता.’

तिने पुढे विचारलं नाही. ओठ तर तिलाही दिसत होतेच.

१९ एप्रिल, रविवार

तक्ता पुरा झाला. वैशालीने चार रात्री घालवल्या त्यावर, फोनवरचं बारीक बारीक अक्षर भिंगातून वाचून. जाहिरातीत जे मोठं लिहितात ते फुकट, आणि जे मुंगीएवढं लिहितात ते आपल्याला द्यायचं.

सोनेरी – वर्षाला गोल्फ चार वेळा फुकट. गोल्फ काय ते रुचीने दाखवलं. एवढ्या मोठ्या मैदानात एकच चेंडू, तोही दिसत नाही. काजळ.
जांभळं – पगार पंचवीस. काजळ.
लाल – हप्ते देतं, पण आमच्या मशीनवाल्याशी त्याचं जमत नाही. काजळ.
निळं – व्याज ऐकून वैशालीनेच काजळाची डबी पुढे केली.
हिरवं – पगार पंधराच्या वर असला की चालतो. फी नाही. विमानतळ नाही, गोल्फ नाही. दुकानवाल्याला फोन करून रुचीने विचारलं, ‘चालतं.’

कुंकू हिरव्याला. दिसायला साधं, पण घर चालवेल असं स्थळ. वैशाली किती दिवसांनी हसली. म्हणाली, ‘पोरांच्या वहीवर शेरा देतो तसं वाटलं.’

शाळेचा पगार चार दिवसांत जमा होईल. तो दिसला की अर्ज करायचा. एकच. हिरव्याला.

२६ एप्रिल, रविवार

आज अर्ज. वैशालीने आपला फोन दि.कडे दिला, भर म्हणाली. ती वर्गाचे निकाल लिहीत बसलीये, मोठ्या बाईंना उद्या द्यायचेत.

दि. दुपारभर गॅलरीत फोन घेऊन बसला. मी त्याच्याशी जाऊन दोन शब्द बोलले. काय ते इथे लिहायचं नाही. लिहू नकोस म्हटलं तर हे पण लिहिते.

२८ एप्रिल, मंगळवार

वैशालीच्या फोनवर मेसेज आला. सोनेरीवाल्यांचा. नकार.

ती म्हणाली, ‘मी सोनेरीला अर्ज केलाच नाही.’

मग लालचा आला. मग काळ्याचा. काळ्याचा! दि.ला विचारलं तेव्हा मान खाली. हिरव्याबरोबर बाकीच्या पाचांनाही अर्ज टाकला होता त्याने. एका दुपारी सहा.

‘का?’

‘म्हटलं, कुणीतरी हो म्हणेल.’

एवढंच बोलला.

३० एप्रिल, गुरुवार

हिरव्याचाही नकार.

रुचीने फोन हातात घेतला आणि सगळ्यांना समोर बसवून समजावलं. प्रत्येक माणसाचा एक आकडा असतो म्हणे, कुठेतरी साठवलेला. जेवढ्या ठिकाणी आपण कार्ड मागायला जातो तेवढ्या ठिकाणाहून चौकशी होते, आणि एकाच वेळी खूप चौकशा दिसल्या की आकडा खाली येतो. हिरव्यावाल्यांनी तेच कळवलंय. अलीकडे खूप ठिकाणी अर्ज केलेले दिसतात, सहा महिन्यांनी या.

सहा महिने म्हणजे दिवाळी येईल. शाळा जूनमध्ये.

रुची म्हणाली, ‘पप्पा, एकट्या हिरव्याला टाकलं असतं ना, तर मिळालं असतं.’ दि. उठून बाहेर गेला. पोरीला मी डोळे वटारले. पण खरंच बोलली ती.

वैशालीने तक्त्याचं पान फाडलं आणि चार घड्या करून खिडकीच्या खाली ठेवलं, खिडकी वाऱ्याने आपटते म्हणून.

२ मे, शनिवार

वैशाली दि.शी बोलत नाही. जेवण वाढते, बोलत नाही. दि. हाक मारतो, तर ऐकू आलं नाही असं दाखवते. आता खरं कुठलं आणि खोटं कुठलं, त्याला बिचाऱ्याला कळणार कसं? तो आपला उठून समोर येऊन उभा राहतो. ही तोंड फिरवते.

काल शाळेत निकाल वाटले. एका पोराच्या आईने हिला कापडी पिशवीवर बदक भरून दिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘सुट्टीत करून घ्याल ना मॅडम, कानांचं?’

५ मे, मंगळवार

आज मी हळू बोलणार आहे. खिडकीशी, रोजच्यासारखी, पण हळू. ऐकू आलं तर लिही, नाही आलं तर राहू दे. मला काय, वाचता येत नाही.

त्या रविवारी गॅलरीत मी दिलीपला म्हटलं, एकाच ठिकाणी कसला अर्ज करतोस? मुलीची पत्रिका एकाच घरी कुणी पाठवतं का? दहा ठिकाणी टाकायची, चार जण उत्तर देतात, दोन बघायला येतात, एक जमतं. असंच जमवलं मी सगळ्यांचं. तुझंही. तो म्हणाला, ‘आई, वैशालीला विचारतो.’ मी म्हटलं, विचारू नकोस, ती मास्तरीण, एकेक करत जून घालवेल. टाक सगळीकडे. तो ‘चालतं का असं?’ म्हणाला. मी म्हटलं, पन्नास वर्षं मी काय केलं मग?

त्याने ऐकलं. चोपन्न वर्षांचा घोडा, अजून ऐकतो माझं. आणि तू त्याच्याशी बोलणं टाकलंस तरी माझं नाव काढलं नाही त्याने.

माणसांत असंच चालत होतं गो. एक घर नाही म्हणालं तर दुसऱ्या घराला पत्ता नसायचा. इथे एकाने विचारलं की सगळ्यांना कळतं, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नाही.

झालं. एवढंच.

९ मे, शनिवार

चार दिवस वही बंद होती. आज वैशालीने स्वतः आणली, माझ्यासमोर बसली.

म्हणाली, ‘आई, त्या दिवशीचं ऐकू आलं मला. सगळं.’

म्हटलं, ‘मग इतके दिवस मी घसा कशाला फाडला?’

हसली नाही. ‘आधी सांगायचं होतंत,’ म्हणाली. मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार?

संध्याकाळी दि.ला चहा दिला. कप आपटला, पण दिला.

१७ मे, रविवार

दि.ने फोनवरून तेराशे रुपयांचं मशीन मागवलं होतं, कानात घालायचं. काल आलं. वैशालीने घातलं आणि पंखा लावला तर कानावर हात ठेवून किंचाळली. पंखा, गाडी, भांडी, सगळं एकसारखं मोठ्याने येतं, माणसाचं बोलणं त्यात बुडतं. आज सकाळी ते शिट्टी मारायला लागलं. हिला ऐकू आलं नाही, मला आलं.

परत घेत नाहीत. उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत.

२४ मे, रविवार

मीच गेले मशीनच्या दुकानात, रुचीला घेऊन. मालक माणूस चांगला, खुर्ची दिली. म्हटलं, भाऊ, कार्ड राहू दे. दर महिन्याच्या पाच तारखेला मी स्वतः येऊन रोख देईन. इथे घाटकोपरात मला ओळखतात. माझ्या शब्दावर लोकांनी पोरी दिल्यात.

तो म्हणाला, ‘आजी, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. सिस्टीम कार्डाशिवाय पुढे जातच नाही.’ कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला. एक रिकामा चौकोन होता. मला वाचता येत नाही हे त्याला माहीत नव्हतं, पण तो चौकोन कळला.

‘सोनं ठेवा की.’

म्हटलं, कंपनी बंद झाली त्या वर्षी माझ्या पाटल्या गेल्या, हिचं मंगळसूत्र गेलं. गळ्यात आहे ते खोटं.

त्याने चहा मागवला. सगळेच चहा, सरबत छान देतात.

३१ मे, रविवार

सराव चालू आहे. पण आज तिसऱ्या वेळेला म्हणाली, ‘परत बोला.’ दोन महिन्यांपूर्वी एकदा विचारायची. मी आवाज वाढवला नाही, वाढवला तर तिला कळेल.

आज मधलं बरंच राहिलं असेल. राहू दे.

६ जून, शनिवार

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. वैशालीबरोबर दि. गेला. आता दोघं बोलतात, कामापुरतं.

बाई म्हणाल्या, वर्गावर नवीन मुलगी घेतलीये. पालक विचारतात, त्यांचाही इलाज नाही. पण वैशालीला एकदम काढायचं त्यांच्या जिवावर येतं. तर ऑफिसात बसा. दाखले, फायली, हजेरीचे कागद. कुणाशी बोलायचं काम नाही. पगार आठ हजार.

दि.ने विचारलं, ‘दिवाळीत मशीन आणलं तर वर्ग परत देणार?’

‘तेव्हाचं तेव्हा बघू,’ म्हणाल्या.

घरी येऊन वैशालीने खिडकीखालचा कागद काढला. चार घड्या उलगडल्या, हिरव्याच्या ओळीवर बोट ठेवलं. पगार पंधराच्या वर. कुंकवाचा डाग अजून तिथेच. मग रुचीला दाखवून म्हणाली, ‘म्हणजे दिवाळीतपण नाही.’

बरोबरच होतं. आठ हजार घेतले तर कार्ड नाही, कार्ड नाही तर मशीन नाही, मशीन नाही तर वर्ग नाही. नाही घेतले तर आठही नाहीत.

मी एकदा एका मुलीला तेरा ठिकाणी दाखवली होती. चौदाव्या वेळी ती म्हणाली, मावशी, आता मला नीट बसताही येत नाही समोर. तेव्हा मी तिला ओरडले होते. चूक झाली.

१४ जून, रविवार

उद्या शाळा उघडते. सकाळी दहाच्या आत ऑफिसचं काम घेतलं की नाही ते कळवायचंय.

दि. म्हणतो, घे. रुची म्हणते, नको मम्मी, दुसरी शाळा बघू. दुसऱ्या शाळेत मुलाखत असते, आणि मुलाखतीत प्रश्न विचारतात, हे पोरीला कोण सांगणार? मला कुणी विचारलं नाही. विचारू पण नये. माझा सल्ला घेऊन काय झालं ते या वहीत आहे.

तरी मीच तिला विचारलं आज. जेवणं झाल्यावर, वही घेऊन बसलो तेव्हा. नियमाप्रमाणे खिडकीकडे तोंड करून.

वैशाली, काय कळवणार आहेस उद्या?

समोरच्या विंगेत कुणीतरी नवीन दप्तर वाळत घातलंय. एक दिवसही वापरलं नसेल, आणि धुतलं.

मागे पेनाचा आवाज येत होता, कागदावर खरखर. माझे कान शाबूत, म्हटलं ना. आता थांबला. तिला ऐकू आलं नसेल, की ऐकून गप्प बसलीये, मी वळून बघत नाही. वळले तर ओठ दिसतील तिला, आणि मग पुन्हा विचारावं लागेल.

परत खरखर सुरू झाली. बराच वेळ चाललीये.

काय लिहितेस गो एवढं? मी तर काही बोलतच नाहीये.